वर्डमधला तक्ता मोडून साधा मजकूर कसा करायचा? (देवळाची स्मरणिका आणि छापखान्याचा हट्ट)

कुळागर | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

अंत्रुज महालातल्या (गोव्यातलं फोंडा) आमच्या देवळाची स्मरणिका यंदाच्या जत्रेला काढायची ठरली आहे. जाहिराती गोळा करणारे बरेच निघाले, लेख आणणारेही निघाले, आणि देणगीदारांची यादी माझ्या गळ्यात पडली, कारण "तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे". यादी वर्डमध्ये तक्ता करून ठेवलेली आहे. अनुक्रमांक, नाव, पत्ता, रक्कम असे चार स्तंभ. मागच्या समितीने अर्धी केली, उरलेली मी केली.

आता छापखान्यातून निरोप आलाय की तक्ता नको, साधा मजकूर द्या, रेघा आम्ही मारतो. मी सगळा तक्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. काही ओळी छान आल्या. पण मध्येच नाव एका ओळीत, "कै. आईच्या स्मरणार्थ" दुसऱ्या ओळीत आणि रक्कम भलतीकडेच, असा प्रकार झाला. पाच हजार एक देणाऱ्या माणसाच्या नावापुढे शंभर रुपये छापले गेले तर जत्रेत मला पालखीच्या आसपास फिरकता येणार नाही.

सरळ मार्ग आहे का काही? की एकेक ओळ हातानेच काढू?

शिवोलीचा शहाणा | सोमवार, रात्री ९:२०

तक्त्यात कर्सर ठेवा. लेआउट. कन्व्हर्ट टू टेक्स्ट. ओके. झालं.
धागा बंद करायला हरकत नाही.

बिमली | सोमवार, रात्री ९:३१

शहाणेबाब, इतकं सोपं असतं तर बिचाऱ्याने धागा काढला नसता. वर्डच्या बऱ्याच आवृत्त्यांत "लेआउट" नावाचे दोन टॅब दिसतात. एक पानाचा, तो कायम असतो. दुसरा तक्त्याचा, तो कर्सर तक्त्यात गेल्यावरच उजवीकडे उगवतो. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक पहिल्या लेआउटमध्ये कन्व्हर्ट शोधत बसतात आणि मग "माझ्या वर्डमध्ये नाहीच आहे" म्हणतात. नव्या आवृत्तीत त्याला "टेबल लेआउट" असं नाव दिलंय, तेव्हा घोळ कमी झाला.

कुळागर, तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात चार बाणांचं चौकोनी बटण येतं. त्यावर टिचकी मारली की अख्खा तक्ता निवडला जातो. मग उजवीकडच्या लेआउटमध्ये अगदी टोकाला "डेटा" गटात ते बटण सापडेल. त्याआधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा, हे सांगायला नकोच.

कुळागर | सोमवार, रात्री ९:५०

सापडलं! देव बरें करूं. पण आता तो विचारतोय, मजकूर कशाने वेगळा करू? परिच्छेद, टॅब, स्वल्पविराम की आणखी काही? स्वल्पविराम घेऊ का? छापखानेवाला "कॉमा टाकून द्या" असं काहीतरी पुटपुटला होता खरा.

मांडवीकाठ | सोमवार, रात्री १०:०५

स्वल्पविराम अजिबात नको!

तुमच्या यादीतली एखादी ओळ डोळ्यांसमोर आणा. "१२, अमुक नाईक, घर क्र. ४५/अ, वरचा वाडा, मडकई, फोंडा, ५,००१". स्तंभ चार, आणि स्वल्पविराम मोजा बरं. पत्त्यात आहेत, रकमेच्या पोटातही एक आहे. पत्ता कुठे संपला आणि रक्कम कुठे सुरू झाली हे माणसाला कळेल, यंत्राला नाही. ५ एका रकान्यात आणि ००१ दुसऱ्यात जाईल. मग खरोखरच कुणाची तरी देणगी पाच रुपये छापून येईल.

नियम एकच: जे चिन्ह मजकुरात कुठेही नाही ते निवडायचं. यादीसाठी टॅब सगळ्यात बरा, कारण तक्त्यात टॅबची कळ दाबली की वर्ड पुढच्या रकान्यात उडी मारतं. रकान्याच्या आत खराखुरा टॅब घालायचा तर कंट्रोल धरून टॅब दाबावा लागतो आणि ते सहसा कुणी करत नाही. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात मात्र लपलेले टॅब असू शकतात, म्हणून आधी शोधून घ्या. शोधाच्या खिडकीत कॅरेटचं चिन्ह (सहाच्या कळीवरची टोपी) आणि त्याला लागून इंग्रजी छोटा टी लिहिला की टॅब सापडतात.

सोलकढी | सोमवार, रात्री १०:१४

"परिच्छेद" हा पर्याय निवडला तर काय होतं ते माझ्याकडून ऐका. जत्रेच्या नाटकाची पात्रयादी तक्त्यात होती, डावीकडे पात्र, उजवीकडे नट. पत्रिका करणाऱ्या मुलाने परिच्छेद निवडून मोडली. प्रत्येक रकाना वेगळ्या ओळीवर आला. त्याने मग ओळींच्या मधल्या मोकळ्या जागा आपल्या मताने घालून दोन-दोनच्या जोड्या लावल्या, पण सुरुवात एक ओळ चुकवून केली. छापून आलं तेव्हा एका नटाच्या नावापुढे पुढच्या पात्राचं नाव. आमचा खलनायक "राजकन्या" झाला होता. पहिल्या प्रवेशाला लोक हसून लोळले, नाटक ऐतिहासिक होतं.

शिवोलीचा शहाणा | सोमवार, रात्री १०:१६

त्या राजकन्येला मिशा होत्या का?

सोलकढी | सोमवार, रात्री १०:१७

होत्या आणि त्या खऱ्या होत्या.

एक फोंडेकर | मंगळवार, सकाळी ७:४०

माझं मत जरा कडू लागेल. देणगीदारांची यादी वर्डमध्ये करायचीच कशाला? यादी म्हणजे एक्सेलचं काम. तिथे बेरीज होते, क्रम लावता येतो, आणि टॅब-मजकूर म्हणून एका झटक्यात सेव्ह होते. आपल्याकडे सगळं वर्डमध्ये करायची खोड आहे. लग्नाची पत्रिका, पंचायतीचा अर्ज, भजनी मंडळाचा हिशेब, सगळं वर्डमध्ये. नंतर तक्ते मोडत बसायचं.

बिमली | मंगळवार, सकाळी ८:०२

फोंडेकरबाब, मुद्दा बरोबर आहे, पण मागच्या समितीने जे केलं ते केलं. त्यांच्या दारात जाऊन "एक्सेल का नाही वापरलं" विचारणारे तुम्ही असाल तर जा. मी येणार नाही.

तांबडी माती | मंगळवार, सकाळी ९:२५

मी डीटीपी करतो, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावतो (होय, तक्ता नको म्हणणाऱ्यांपैकीच), तेव्हा छापखान्याच्या बाजूनेही बोलतो.

पहिला प्रश्न: छापखाना कशात पानं लावतो? पेजमेकरमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सात, २००१ साली आली आणि त्याला युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सर्वत्र चालणारी पद्धत) कळत नाही. तरी मराठी कामासाठी अजून कित्येक जण तोच वापरतात, कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर हात बसलेला आहे. वर्डचा तक्ता तिथे धड जातच नाही, म्हणून ते साधा मजकूर मागतात. हट्ट नाही तो, नाइलाज आहे. इनडिझाईनमध्ये असतील तर मात्र त्यांना सांगा की फाइल घेताना आयात-पर्याय उघडा. स्वरूपण काढून टाकायचं निवडलं की तक्त्यांचं टॅबवाल्या साध्या मजकुरात रूपांतर करायचा पर्याय तिथेच मिळतो. तुम्हाला काही करावंच लागणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कुळागर म्हणतात मागच्या समितीने अर्धी यादी केली. ती कुठल्या फॉन्टमध्ये आहे? जुन्या फॉन्टांत मराठी दिसतं खरं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट हा नुसता मुखवटा. नोटपॅडमध्ये टाकलं की मुखवटा गळतो आणि "नाईक" च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के असलं काहीतरी दिसतं. फाइल बिघडली असं वाटून लोक घाबरतात. बिघडलेली नसते.

आणि इथेच मांडवीकाठ यांच्या म्हणण्यात भर घालतो. अशा मजकुरात स्वल्पविराम काय, उभी रेघ काय, कुठलंही "दुर्मीळ" चिन्ह विभाजक म्हणून घेऊ नका. इंग्रजी कळफलकावरची बरीच चिन्हं जुन्या फॉन्टांत कुठली ना कुठली मात्रा किंवा अर्ध अक्षर असतात. तुम्ही घातलेला विभाजक मजकुरात मिसळून जाईल आणि मग तो कुठला आणि वेलांटी कुठली हे शोधत बसाल. टॅबला कुठलाच फॉन्ट हात लावत नाही.

कुळागर | मंगळवार, सकाळी १०:४०

माती साहेब, तुम्ही मनकवडे आहात. माझा भाग मंगल या युनिकोड फॉन्टमध्ये आहे, मागचा भाग श्रीलिपीत. आता लक्षात आलं की नोटपॅडमध्ये अर्ध्या यादीचं "भूत" का दिसत होतं. छापखान्याला फोन केला. पेजमेकरच आहे.

तांबडी माती | मंगळवार, सकाळी १०:५५

मग आधी दोन फाइली करा, एकात युनिकोडवाल्या ओळी, दुसऱ्यात श्रीलिपीवाल्या. सरमिसळ असेल तर शोधाच्या खिडकीत "मोअर" दाबून फॉन्टनुसार शोधता येतं. दोन्ही तक्ते टॅबने मोडा. श्रीलिपीवाली तशीच द्या, त्यांच्या कामाची आहे. युनिकोडवाल्या भागाला ते त्यांच्याकडचा रूपांतरक लावतील, तो टॅबला हात लावत नाही. एका फाइलमध्ये दोन्ही दिलंत तर रूपांतरक आधीच जुन्या फॉन्टात असलेल्या भागाची वाट लावेल.

आणि युनिकोडवाली फाइल साधा मजकूर म्हणून सेव्ह करताना वर्ड एन्कोडिंग विचारतं. तिथे यूटीएफ-८ निवडा. "विंडोज डीफॉल्ट" तसंच ठेवलंत तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येईल, आणि ते प्रश्नचिन्हांतून परत आणता येत नाही.

जुना टंकलेखक | मंगळवार, दुपारी १२:१०

तुमची चर्चा वाचून मौज वाटली. आम्ही पणजीत सरकारी नोकरीत लागलो तेव्हा तक्ता म्हणजे टंकयंत्रावर टॅबचे थांबे लावायचे. गाडी कुठे थांबायची ते मागच्या पट्टीवर ठरवायचं, मग कळ दाबली की गाडी सर्रकन पुढच्या स्तंभावर जाऊन उभी. रेघा नंतर शाईने, फूटपट्टी लावून. रकमेचा स्तंभ उजवीकडून जुळवायचा तर आकडे मोजून मागे यावं लागे. गोदरेजची यंत्रं होती, भारतात बनलेलं पहिलं टंकयंत्र त्यांचंच, १९५५ चं. २००९ साली त्यांनी बनवणं थांबवलं.

तुम्ही आज जो "साधा मजकूर, मध्ये टॅब" म्हणता ती आमची रोजची भाकरी होती. छापखानेवाला तुम्हाला परत आमच्या काळात नेतोय इतकंच.

एक फोंडेकर | मंगळवार, दुपारी १२:३०

आजोबा, त्या काळी चूक झाली की अख्खं पान परत. आता कंट्रोल झेड आहे. प्रगती म्हणा.

जुना टंकलेखक | मंगळवार, दुपारी १२:४४

कंट्रोल झेड आहे म्हणूनच चुका वाढल्या. आणि आजोबा म्हणू नका, अजून स्कूटर चालवतो.

रातांबा | मंगळवार, दुपारी १:१५

एक वेगळी बाजू. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए नावाच्या वाचकाने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) संगणक वापरतो. तक्ते मोडून टाकले की लोकांना वाटतं अंधांसाठी सोपं झालं. उलट होतं. नीट केलेला तक्ता असेल, पहिली ओळ शीर्षक म्हणून ठरवलेली असेल, तर कंट्रोल-ऑल्ट आणि बाणांच्या कळांनी मी रकान्यांतून हिंडतो आणि वाचक मला "रक्कम, ५,००१" असं स्तंभाचं नाव घेऊन सांगतो. टॅबने मोडलेल्या ओळीत ते नातं तुटतं. नाव, पत्ता, रक्कम सलग कानावर येतं आणि कुठला आकडा घर क्रमांक नि कुठला देणगी हे माझं मला ओळखावं लागतं.

मोडायला हवेत ते तक्ते वेगळे. लोक नुसती मांडणी करायला तक्ता वापरतात. डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर, रेघा लपवलेल्या. किंवा पत्राच्या मथळ्यासाठी. असल्या तक्त्यात वाचक "ओळ एक स्तंभ दोन" करत बसतो आणि हाती काहीच लागत नाही. ते खुशाल साधे करा. देणगीदारांच्या यादीचा मूळ तक्ता मात्र जपून ठेवा. संकेतस्थळावर टाकायचा झाला तर तोच टाका.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १:४०

+१. हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मूळ ठेवायचा, मोडायची ती प्रत.

कुळागर | मंगळवार, दुपारी ३:०५

मूळ जपून ठेवतो. पण माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. टॅब निवडून मोडला तरी "स्मरणार्थ" वाल्या ओळी तुटतातच आहेत.

शिवोलीचा शहाणा | मंगळवार, दुपारी ३:०९

मी बंद करायला सांगितलेला धागा हाच ना?

बिमली | मंगळवार, दुपारी ३:११

हो. आणि आता त्याचा काश्मीर होणार, म्हणजे कधी संपायचाच नाही.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी ३:४५

खरा रोग इथे आहे. रकान्याच्या आत कुणीतरी एंटर मारलंय. नाव लिहिलं, एंटर, "कै. आईच्या स्मरणार्थ". तक्त्यात ते छान एकाखाली एक दिसतं, पण मोडताना वर्ड तो एंटर जसाच्या तसा ठेवतं. एका माणसाची ओळ दोन परिच्छेदांत फुटते आणि रक्कम दुसऱ्या तुकड्याला जाऊन चिकटते.

आधी डोळ्यांनी बघा. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, लपलेली चिन्हं दिसू लागतात. रकान्याच्या शेवटी चार मिशा असलेलं छोटं वर्तुळ दिसेल, ते तक्त्याचं स्वतःचं, त्याला हात लावायचा नाही. रकान्याच्या मध्येच उलट्या पीसारखं चिन्ह दिसलं तर तो एंटर. वाकडा बाण दिसला तर कुणीतरी शिफ्ट धरून एंटर मारलाय.

आता अख्खा तक्ता निवडा, कंट्रोल-एच. शोधायच्या जागी कॅरेट आणि छोटा पी, बदलायच्या जागी मजकुरात नसलेलं काहीतरी, उदाहरणार्थ मध्ये मोकळी जागा सोडून दोन हॅश. "रिप्लेस ऑल". वर्ड सांगेल की निवडलेल्या भागात इतके बदल केले, उरलेल्या फाइलमध्येही शोधू का? तिथे "नो". नाहीतर तक्त्याबाहेरची प्रस्तावना आणि अध्यक्षांचं मनोगत सगळं एका ओळीत येईल. मग हेच कॅरेट आणि छोटा एल घेऊन परत, म्हणजे वाकडे बाणही जातील. रकान्याच्या शेवटच्या मिशांना ही शोध-बदल लागू पडत नाही, म्हणून तक्ता शाबूत राहतो.

यानंतर टॅबने मोडा. एक माणूस, एक ओळ. छापखान्याला सांगा की दोन हॅश दिसले की तिथे ओळ तोडा. तांबडी माती यांचा नियम लक्षात घेता हॅशची युक्ती फक्त तुमच्या मंगलवाल्या फाइलसाठी. श्रीलिपीवाल्या फाइलमध्ये नुसती मोकळी जागा घाला.

तांबडी माती | मंगळवार, दुपारी ४:००

दंडवत. छापखान्याच्या रूपांतरकातून हॅश कसा बाहेर येतो ते मात्र चार-पाच ओळींवर आधी करून बघायला सांगा. बाकी काही हरकत नाही.

बिमली | मंगळवार, दुपारी ४:२०

आणि जोडलेले रकाने? आमच्या गावच्या यादीत तीन भावांनी मिळून देणगी दिली की तीन नावांच्या ओळी आणि रकमेचा रकाना तिन्ही ओळींना एकच, मर्ज केलेला. दिसायला देखणं. मोडल्यावर रक्कम एकाच भावाच्या ओळीत राहते, दोघे कोरडे. शिवाय "मुंबईस्थित महाजन" असं उपशीर्षक चारही स्तंभ जोडून घातलेलं असतं, त्या ओळीत टॅबच येत नाही.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी ४:३२

मोडण्याआधी ते फोडावे लागतात. लेआउटमध्येच "स्प्लिट सेल्स" आहे. फोडल्यावर रक्कम तिघांपुढे लिहायची की "संयुक्त" म्हणून एकदाच, हा प्रश्न वर्डचा नाही, समितीचा आहे.

तपासायची सोपी रीत: मोडलेला मजकूर कॉपी करून एक्सेलमध्ये किंवा लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये चिकटवा. टॅबप्रमाणे तो आपोआप स्तंभांत पडतो. एखादी ओळ पाचव्या स्तंभात घुसली असेल किंवा रकमेच्या जागी पत्ता असेल तर लगेच डोळ्यांत भरते. आणि बेरीजही करून बघा. पावतीपुस्तकाशी जुळली तर निवांत झोपा.

एक फोंडेकर | मंगळवार, दुपारी ४:४०

म्हणजे शेवटी एक्सेलच! मी सकाळी काय सांगत होतो?

बिमली | मंगळवार, दुपारी ४:४१

घ्या पेढा.

हळसांदे | मंगळवार, सायंकाळी ६:१०

वर्ड विकत घ्यायचं नसेल तर लिबरऑफिस रायटरमध्येही आहे. वरच्या मेनूत टेबल, त्यात कन्व्हर्ट, त्यात टेबल टू टेक्स्ट. तिथे स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाचा पर्याय समोर दिसतो, टॅब आणि परिच्छेद आहेतच, आणि "अदर" मध्ये हवं ते चिन्ह. मी शाळेच्या सगळ्या याद्या यातच करते. मोडलेला मजकूर परत तक्ता करायचा तर त्याच मेनूत उलटा पर्याय आहे.

गूगल डॉक्समध्ये मात्र असलं बटण नाही. तिथला तक्ता शीट्समध्ये चिकटवायचा, तिथून कॉपी करून डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने चिकटवायचा. तक्ता गळून जातो, टॅब राहतात.

सोलकढी | मंगळवार, सायंकाळी ६:३०

हळसांदे ताई, व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवायची काही युक्ती? भजनी सप्ताहाच्या पाळ्यांचा तक्ता ग्रुपवर टाकला की सगळं एकत्र गोळा होऊन येतं. कुठल्या वाड्याची पाळी पहाटे तीनची, यावरून वाद झाले.

हळसांदे | मंगळवार, सायंकाळी ६:५२

मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (` हे चिन्ह) घातले की व्हॉट्सॲप समान रुंदीचा फॉन्ट देतं, पण त्याचा फायदा इंग्रजी आणि आकड्यांना. देवनागरीत अक्षरांची रुंदी सारखी नसतेच. "स्त्री" आणि "र" एका मापाचे कसे होणार? स्तंभ वाकडेच दिसतील. त्यापेक्षा प्रत्येक पाळी स्वतंत्र ओळीत लिहा: "पहाटे ३ ते ५: खालचा वाडा". वेळ आधी, वाडा नंतर. स्तंभ जुळवायची गरजच राहत नाही. नाहीतर सरळ फोटो काढून टाका, पण मग रातांबा यांच्यासारख्यांना तो वाचता येणार नाही.

रातांबा | मंगळवार, सायंकाळी ७:०५

आठवण ठेवलीत, आभार. फोटो नकोच.

खाजेंवाला | मंगळवार, रात्री ८:१५

माझी केस वेगळी. पीडीएफवरून वर्डमध्ये आणलेल्या एका फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेद छोट्या-छोट्या तक्त्यात बसलाय. रेघा दिसत नाहीत, पण कर्सर अडकतो. एकेक मोडायचा तर आयुष्य जाईल.

मांडवीकाठ | मंगळवार, रात्री ८:४०

मॅक्रो लिहा, म्हणजे वर्डकडून तेच काम आपोआप करून घेणारा छोटा प्रोग्रॅम. ऑल्ट-एफ११ ने खिडकी उघडते. तर्क असा: फाइलमधल्या तक्त्यांची संख्या शून्यापेक्षा जास्त आहे तोवर पहिला तक्ता कन्व्हर्ट-टू-टेक्स्टने मोडत राहा. नेहमी पहिलाच. "प्रत्येक तक्त्यासाठी" असा फेरा लावू नका. एक मोडला की बाकीचे एकेक जागा पुढे सरकतात आणि फेरा एक सोडून एक तक्ता चुकवत जातो. तुमच्या केसमध्ये विभाजक टॅब न घेता परिच्छेद घ्या, कारण तो मजकूर आहे, यादी नाही. तक्त्याच्या आत तक्ता असेल तर हाताने मोडताना "नेस्टेड टेबल्स" च्या चौकटीवर खूण करायला विसरू नका.

खाजेंवाला | मंगळवार, रात्री ९:३०

चाललं! एका दमात सगळे गेले. तुमच्या घरी खाजें पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. टॅबने वेगळा केलेला असला तरी चालेल.

कुळागर | बुधवार, रात्री १०:२०

मंडळी, काम झालं. आधी एंटर काढले, मग जोडलेले रकाने फोडले, मग टॅबने मोडलं. दोन फाइली वेगळ्या दिल्या. एक्सेलमध्ये चिकटवून पाहिलं तेव्हा एक ओळ सरकलेली सापडली, तिथे मागच्या समितीतल्या कुणीतरी पत्त्यात टॅब घुसवला होता. बेरीज पावत्यांशी जुळली. छापखान्याने नमुना पान पाठवलंय आणि रेघा खरंच सुबक मारल्यात.

आता नवीन भानगड. समितीत निम्म्यांना यादी रकमेप्रमाणे हवी, निम्म्यांना नावाप्रमाणे, आणि एका ज्येष्ठ महाजनांना ती "मानाप्रमाणे" हवी. यासाठी वर्डमध्ये बटण आहे का?

तांबडी माती | बुधवार, रात्री १०:२८

मानाप्रमाणे क्रम लावणारं बटण मी आजवर कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेलं नाही. रकमेप्रमाणे किंवा नावाप्रमाणे लावायचं ठरलं तर एक्सेलवाल्या प्रतीवर लावा आणि तोच मजकूर परत पाठवा. पान लागायच्या आत ठरवा म्हणजे झालं, नंतर प्रत्येक बदलाचे पैसे लागतील.

जुना टंकलेखक | बुधवार, रात्री १०:४५

आमच्या वेळी अशा वादावर एकच उपाय होता. यादी ज्याने टंकली त्याच्या मनाप्रमाणे लागायची, आणि विचारायला कुणी आलं की यंत्राची फीत संपलेली असायची.

शिवोलीचा शहाणा | बुधवार, रात्री १०:५०

वाचनखूण साठवली आहे. कुळागरबाब, प्रिंटरची शाई संपली म्हणून सांगा.